तोडणी बंद ठेवलेला मळा

देगलूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. त्या वर्षी टोमॅटोच्या हंगामात जे घडलं ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले असेही काही होते. तरी कोणी जुनी गोष्ट विचारली की माझ्या तोंडी हीच येते. नावं सांगणार नाही. दोन्ही घरं अजून त्याच गावात आहेत आणि त्यांची विहीरही अजून एकच आहे.

त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. ज्यांच्या विहिरीला पाणी नव्हतं त्यांची झाडं जागेवर करपली, आणि ज्यांना पाणी पुरलं त्यांच्या टोमॅटोला कधी नव्हे तो भाव मिळायला लागला. एरवी हाच माल लोक बांधावर ओतून देतात, जनावरांपुढे टाकतात. त्या वर्षी हैदराबादचे व्यापारी गाड्या घेऊन थेट मळ्यापर्यंत यायचे. साहजिकच चोऱ्या सुरू झाल्या. कोणाची भरलेली क्रेट गेली, कोणाच्या दोन ओळी कोणी तोडून नेल्या. मोटारसायकल चोरीइतक्याच टोमॅटो चोरीच्या तक्रारी ठाण्यात यायच्या. माणसं बाजा घेऊन शेतात झोपू लागली. आपल्या बांधावरून कोणी गेलं की पाठमोरा दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहायची. ओळखीच्या माणसाकडे असं बघणं खेड्यात पूर्वी नव्हतं.

अशात एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. गावाबाहेरच्या रस्त्यावर, पुलाच्या कडेला एक माणूस मेलेला पडला होता. शेजारी त्याची मोटारसायकल आडवी. दूधवाल्यानं पाहिलं आणि गावात येऊन सांगितलं. मी बीट हवालदाराला घेऊन निघालो. हा हवालदार त्याच पट्ट्यातला, मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलणारा. मोजकं बोलायचा पण नजर पक्की होती.

मयत चाळिशीचा शेतकरी. जमीन थोडी, त्यातल्या वीस गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, वांगी करायचा आणि बायकोबरोबर आठवडी बाजारात बसून विकायचा. गावकऱ्यांचं म्हणणं पडलं की पहाटे मोटर चालू करायला निघाला असेल, अंधारात गाडी पुलाला धडकली असेल. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद घेऊन मरणोत्तर पंचनामा सुरू केला. डोक्याला मार नव्हता. कपड्यांवर रक्त नव्हतं. गाडीची काच, दिवा, आरसे शाबूत होते. डोक्याला बांधायचा रुमाल, ज्याला आमच्याकडे दस्ती म्हणतात, खांद्यावर होता आणि त्याची एक कड फाडलेली होती. हवालदारानं मयताच्या पायांकडे माझं लक्ष वेधलं. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत काळ्या मातीचा ओला चिखल. रस्ता तर धुळीनं भरलेला. चपला आम्ही आसपास शोधल्या, त्या कुठेच नव्हत्या.

प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. डॉक्टरांनी डाव्या पायाच्या नडगीवर एक छोटी काळपट जखम दाखवली आणि म्हणाले, लेखी अहवाल मी नंतर देतो, पण ही गाडीची जखम नाही, करंटची आहे. म्हणजे माणूस दुसरीकडे मेला होता आणि कोणीतरी त्याला पुलापाशी आणून टाकलं होतं.

रुग्णालयातून परतताना फाट्यावरच्या हॉटेलात चहाला थांबलो. माझा अनुभव असा की फाट्यावरच्या चहावाल्याला आपण काही विचारू नये. आपण शांत बसलो की तो स्वतःच बोलतो. तिथं एक टेम्पोवाला रिकामी गाडी उभी करून वैतागून बसला होता. चहावाल्यानं त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं की हा गडी सकाळपासून असाच बसून आहे. मी त्याला जवळ बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, कालच्याला बोलणं झालं व्हतं, मी गाडी घेऊन बांधावर गेलो. मालक वाटेतच आडवे आले अन् म्हनले, आज तोडणी बंद. आता बगा, भाव असा हाय, अन् माल तर झाडावर लाल होऊन राहिला. कामून बंद ठेवली ते बी सांगनात."

कुठला मळा, विचारलं. त्यानं सांगितलं तो मळा मयताच्या शेताला लागूनच होता.

मी लातूरकडचा, शेतकऱ्याच्याच घरातला. घरात मयत झालेली असली तरी भाव वर असताना तयार टोमॅटोची तोडणी कोणी चुकवत नाही, भावकीतल्या एखाद्याला उभं करतात पण माल काढतात. चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.

मळेवाला पन्नाशीचा, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. दोन मुली लग्न करून दिलेल्या. सोयाबीन मोडून भाजीपाल्यात उतरलेला आणि त्यात यश मिळवलेला. ठिबक, मातीवर अंथरलेला मल्चिंगचा कागद, बांबू-तार अशी नीट बांधणी. फळांनी झाडं वाकली होती. त्यानं आम्हाला पाणी दिलं, शेजाऱ्याच्या मरणाबद्दल हळहळ व्यक्त केली. तोडणीचं विचारल्यावर म्हणाला, बाया मिळाल्या नाहीत. मी बोलत राहिलो आणि हवालदार सहज फिरायला म्हणून बांधाच्या कडेनं गेला. परतल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, मयताच्या शेताकडच्या बाजूला ठरावीक अंतरावर खुंट्या उपटल्याची ताजी भोकं आहेत. पुढे गावात त्यानं तोडणीच्या बायांना गाठलं. त्या घरीच होत्या. मालकानंच भल्या सकाळी निरोप पाठवून येऊ नका म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला बोलावण्याआधीच त्याचा सालगडी स्वतः ठाण्यात हजर झाला. वर्षाच्या ठरावावर मळ्यात राहणारा, तेलंगणाच्या हद्दीजवळच्या गावचा, तिशीच्या आतबाहेरचा. ठाणे अंमलदारापुढे उभा राहून त्यानं सांगितलं की रानडुकरांसाठी तार मीच लावली, मालकाला माहीत नव्हतं. शेजारी तारेला चिकटला. मी घाबरलो आणि त्याच्याच गाडीवरून एकट्यानं त्याला पुलाजवळ नेऊन टाकलं.

एवढं सगळं एका दमात. मी त्याला माझ्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि घरचं विचारत राहिलो. घरचं बोलताना तो अडखळायचा, आठवायचा, मध्येच दुसरंच काही सांगायचा. तारेचं बोलणं आलं की पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमानं. खरं सांगणारा माणूस दोनदा सारखं सांगत नाही. त्याला काहीतरी नव्यानं आठवतं, काहीतरी सुटतं. पाठ केलेलं मात्र जसंच्या तसं येतं.

मयताची मोटारसायकल आवारात उभी होती. पंचांसमोर तिची पाहणी आणि ठसे उचलणं उरकलं होतं. मी सालगड्याला बाहेर आणलं, हवालदाराला किल्ली द्यायला सांगितली आणि म्हणालो, गाडी चालू करून फाटकापर्यंत नेऊन दाखव. तो गाडीजवळ गेला. किल्ली हातात धरून उभा राहिला. एकदा हँडलला हात लावला, एकदा सीटला. मग किल्ली हवालदाराच्या हातात परत दिली आणि खाली बघत म्हणाला, "मला येत न्हाई, साहेब."

"मग कोणी चालवली?"

तो पायरीवर बसला आणि रडू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "मालक म्हनले, तू कबूल हो, तुज्या लेकरांचं मी बघतो."

पुढचं सगळं त्याच्याकडून कळलं. पहाटे शेतीची लाइन, म्हणजे वीज, येण्याचा तो आठवडा. मालकानं मोटरच्या पेटीतून एक फेज काढून मयताच्या शेताकडच्या कडेला गुडघ्याखाली तार ओढली होती, दोन-तीन दिवसांपूर्वीच. उजाडण्याआधी सालगडी फेरी मारायला गेला तर शेजारी तारेपाशी पडलेला. त्यानं पेटी बंद करून मालकाला बोलावलं. मालक आला, त्यानं नाडी पाहिली आणि काही वेळ डोकं धरून बांधावर बसला. मग उठून कामाला लागला. मयताची गाडी विहिरीपाशी उभी होती. मालकानं गाडी चालवली, मध्ये प्रेत आणि मागे प्रेताला धरून सालगडी. चपला विहिरीपाशीच राहिल्या होत्या, त्या नंतर विहिरीत टाकल्या. तार-खुंट्या उपटून लपवल्या आणि त्यांच्या खुणा कोणाला दिसू नयेत म्हणून तोडणी बंद ठेवली.

मळेवाल्याला ठाण्यात आणलं. आधी त्यानं नाकारलं. सालगड्याला मोटारसायकल चालवता येत नाही हे कळलंय असं सांगितल्यावर त्यानं नाकारणं सोडलं. मी त्याला एकच गोष्ट विचारली. तार लावल्याचं शेजाऱ्याला सांगितलं होतं का? तो म्हणाला, "न्हाई सांगितलं. एकाला सांगितलं की गावाला कळतंय. चोराला बी कळलं असतं."

डुकराला कोण सांगायला जाणार होतं? तार माणसासाठी होती आणि ती पहिल्यांदा शेजाऱ्याच्याच वाटेवर ओढलेली होती.

त्याच्या निवेदनावरून पंचांसमक्ष कडब्याच्या गंजीतून तार आणि खुंट्या काढल्या. विहिरीतून चपला निघाल्या. दोघांना अटक करून सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे ही कलमं लावली, सोबत वीज कायद्याचं. रिमांड मिळाला. वरिष्ठांनी फोन करून शाबासकी दिली. कागदोपत्री गुन्हा उघडकीला आला होता.

पण मळेवाल्यानं जबाबात एक वाक्य धरून ठेवलं होतं. तो माझ्या मळ्यात चोरी करायला शिरला होता. एवढ्या अंधारात माझ्या टोमॅटोत त्याचं दुसरं काय काम होतं? त्याच्या वकिलानं तेच उचललं. आणि गावानं तर आधीच उचललं होतं. हंगामभर चोऱ्या झालेल्या, चोर कधी सापडलेला नाही. आता एक मेलेला माणूस सापडला होता आणि सगळ्या चोऱ्या त्याच्या नावावर टाकणं सोपं होतं. मळेवाला वजनदार. मयत बाजारात पाल टाकून मेथी विकणारा. लोक कोणाचं खरं मानणार हे सांगायला नको.

मयताची पत्नी ठाण्यात आली ती या सुमारास. सोबत तिचा भाऊ होता, पण बोलली तीच. बसा म्हटलं तरी बसली नाही. पारावर माणसं काय बोलतात ते तिनं सांगितलं. बाजारात तिच्या भाजीला गिऱ्हाईक येईना, शेजारची बाई म्हणाली की ही मेथी तरी तुझ्याच रानातली आहे ना. मळेवाल्याकडून मिटवून घ्या म्हणून माणसं घरी येऊन गेली होती. मग ती म्हणाली, "साहेब, त्याला शिक्षा किती व्हायची ती होऊ द्या, ते तुमचं काम हाय. पन माजा मानूस चोर न्हवता. हे कुनी लिहिनार हाय का न्हाई?"

मी तिला तपास चालू आहे असं ठरलेलं उत्तर दिलं. ती गेल्यावर हवालदार दारात उभा होता. तो म्हणाला, साहेब, पायाला ओला चिखल होता. त्या मळ्यात ठिबक आहे, मल्चिंगचा कागद आहे. घोट्यापर्यंत चिखल होईल एवढं पाणी आलं कुठून?

प्रश्न बरोबर होता आणि आमच्या पहिल्या घटनास्थळ पंचनाम्यात त्याचं उत्तर नव्हतं. आमचं सगळं लक्ष तारेकडे होतं, त्यामुळे आम्ही कडेकडेनं फिरलो होतो. सालगड्याला तुरुंगातून ताब्यात घेण्याची वेळ आली नाही. त्याच्या जुन्या जबाबाचा कागद काढून पाहिला तर त्यात एक ओळ होतीच, फेरीला गेलो तेव्हा विहिरीकडच्या अंगाला पाणी साचलेलं होतं. त्या वेळी कोणी पुढे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन आम्ही पुन्हा मळ्यात गेलो. पंचांपैकी एक गावातला वयस्कर शेतकरी, मयताला चोर म्हणणाऱ्यांत तोही होता. मीच त्याला मुद्दाम बोलावलं होतं. टोमॅटोची वाट लागली होती. फळं झाडावरच फुटून खाली गळाली होती, वास सुटला होता. कोणी हात लावला नव्हता. बांधावर गावातली माणसं जमली. मयताची पत्नीही आली, लांब उभी राहिली.

विहिरीपासून ठिबकचा मुख्य पाइप जिथून मळ्यात शिरतो तिथपासून आम्ही त्याच्याबरोबर चालत गेलो. थोडं आत, झाडांच्या ओळीत, पाइपाचा एक जोड होता. त्याच्या आजूबाजूची माती वाळून भेगाळली होती, पण तिथं भरपूर पाणी साचून गेल्याचं स्पष्ट दिसत होतं. वाळलेल्या चिखलात अनवाणी पावलांचे ठसे होते. आणि त्या निसटलेल्या जोडावर, पाइप पुन्हा आत सारून, लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाची पट्टी करकचून बांधलेली होती. तीन-चार वेढे देऊन, वर गाठ.

पंचांसमोर गाठ न सोडता पट्टीचे फोटो घेतले. मग मी मयताच्या पत्नीला पुढे बोलावलं. तिनं वाकून पाहिलं. पट्टीच्या एका कडेला हिरव्या दोऱ्यानं हातशिलाई केलेली होती. ती म्हणाली, दस्तीची कड उसवली होती, घरात लाल दोरा नव्हता म्हणून तिनं हिरव्यानं शिवली. मुद्देमालातली दस्ती आम्ही बरोबर आणली होती. ती उघडून जोडासमोर धरली. उरलेल्या कडेला तोच हिरवा दोरा होता आणि फाटलेला भाग फाटलेल्या भागाला बरोबर जुळत होता.

काय घडलं होतं ते आता तिथल्या तिथे दिसत होतं. विहीर दोघांची सामाईक. पहाटे लाइन आल्यावर आळीपाळीनं मोटर चालायची. त्या पहाटे तो आला, चपला विहिरीपाशी काढल्या, आणि मळेवाल्याच्या चालू असलेल्या पाइपातून पाणी वाया जाताना त्याला दिसलं किंवा ऐकू आलं. मालकाला हाक मारायला जाण्यात वेळ गेला असता आणि पाणी तर दोघांचं होतं. तो विहिरीकडून आत शिरला. त्या बाजूला तार नव्हती. पाइप बसवून त्यानं स्वतःची दस्ती फाडली आणि जोड बांधला. मग स्वतःच्या शेतात जायला नेहमीच्या जवळच्या वाटेनं, बांध ओलांडायला निघाला. ओले पाय, अंधार, आणि दोन-तीन दिवसांपूर्वी ओढलेली तार. टोमॅटो तोडलेला नव्हता. त्याच्याजवळ पिशवी नव्हती, क्रेट नव्हती. तो मेला तेव्हा त्यानं बांधलेल्या जोडातून त्या मळ्याला पाणी मिळत होतं.

हवालदारानं पंचनामा लिहून काढला. पंचांना तो वाचून दाखवायचा असतो, ते रोजचं काम आहे. बहुतेक वेळा लेखनिक तो घाईनं, पुटपुटत वाचतो. त्या दिवशी मी कागद स्वतः हातात घेतला आणि बांधावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचला. पाइप कुठे निसटला होता, पट्टी कशाची होती, ती कोणी बांधली, कोणत्या वाटेनं तो बाहेर निघाला होता, सगळं. वयस्कर पंचानं सही केली. पेन परत देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सही करून तो मयताच्या पत्नीपाशी गेला आणि तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मी हवालदाराला मुद्देमाल सील करायला सांगितलं आणि तिथून बाजूला झालो.

दोषारोपपत्र वेळेत दाखल झालं. माझी बदली भोकरकडे झाली, पुढे बिलोलीला. खटला उभा राहिला तेव्हा मी साक्षीला गेलो. सालगड्यानं कोर्टात सगळं खरं सांगितलं. मळेवाल्याला शिक्षा झाली, सालगड्याला त्याहून कमी. मळेवाला वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. त्यानं शेजाऱ्याच्या मुलांना आपल्या अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण झाडावर भाव लटकू लागला तसा त्याला बांधापलीकडचा माणूस शेजारी म्हणून दिसेनासा झाला. पुढच्या प्रत्येक ठाण्यात भाजीपाल्याचा भाव चढला की मी बीट अंमलदारांना आधी मळ्यांच्या कडेनं फिरायला लावायचो. चोर शोधण्याआधी तार शोधा, असं सांगायचो.

साक्षीच्या वेळी बचाव पक्षाच्या वकिलानं मला उलटतपासात विचारलं की आरोपी अटकेत होते, तार जप्त झाली होती, डॉक्टरांचं मत आलेलं होतं, मग तुम्ही पुन्हा घटनास्थळी का गेलात? त्यांचा रोख असा होता की ती पट्टी आम्हीच नंतर बांधली. नोकरीत असंख्य उलटतपास दिले, त्यातली बहुतेक उत्तरं विसरलो. हे आठवतं.

मी म्हणालो, मारणारा कोण ते कळलं होतं. मेलेला माणूस तिथं काय करत होता, ते आम्हाला अजून माहीत नव्हतं.

न्यायाधीशांनी ते उत्तर जसंच्या तसं नोंदवून घ्यायला सांगितलं. मागच्या बाकावर मयताची पत्नी बसलेली होती.